भोसरी ऑफिस: लॉगिनचा वेळ आणि डीएनएस (कामाच्या नोंदी)

शुक्रवार, 5 जुलै 2024

नवीन काम. भोसरी एमआयडीसीतला कारखाना, गाड्यांचे सुटे भाग करतात. ऑफिस, स्टोअर, डिस्पॅच मिळून साठेक पीसी. विंडोज सर्व्हर एकच: तोच डोमेन कंट्रोलर (डोमेन म्हणजे कंपनीच्या युजर-मशीनची एकत्र खाती, ती सांभाळून लॉगिन तपासणारा), तोच डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा), तोच डीएचसीपी (पीसींना नेटवर्कचे पत्ते वाटणारा) आणि फाइलीही त्याच्यावरच. चाकणला छोटं युनिट आहे, ते व्हीपीएनवरून याच डोमेनला जोडलेलं.

तक्रार अशी की लॉगिनला वेळ लागतो. पासवर्ड टाकल्यावर गोल फिरत राहतं, कधी मिनिटभर, कधी चार-पाच मिनिटं. एकदा डेस्कटॉप आला की मशीन पळतं. इंटरनेटही व्यवस्थित.

आधी झालेले उपाय आयटी बघणाऱ्या मुलाने सांगितले: रॅम वाढवली, निम्म्या मशीनला एसएसडी टाकली, अँटिव्हायरस बदलला, मुख्य स्विच नवा घेतला, इंटरनेटची लाइन मोठी केली. बराच पैसा ओतून झालाय. 'आता सर्व्हरच बदलायचा का' एवढाच प्रश्न मालकांचा राहिलाय. तूर्त काहीही विकत घेऊ नका म्हटलं.

दोन गोष्टी टिपून ठेवतो. शुक्रवारी सकाळी त्रास सगळ्यात जास्त. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, वीजपुरवठाही त्याच दिवशी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. यूपीएस तासाभरात मान टाकतो आणि सर्व्हर बंद होतो.

दुसरी गोष्ट अकाउंट्सच्या मॅडमनी सांगितली, तीही जाता जाता: "मी नेटची केबल काढूनच पासवर्ड टाकते. लगेच उघडतं. मग केबल लावते." आधी आलेल्या एकाही इंजिनिअरने त्यांना काही विचारलंच नव्हतं म्हणे.

शनिवार, 6 जुलै

मॅडमची युक्ती त्यांच्याच पीसीवर करून पाहिली. केबल लावून: अडीच मिनिटांच्या आसपास. केबल काढून: दहा सेकंदांच्या आत.

याचा अर्थ हार्डवेअर ठीक आहे, प्रोफाइलही ठीक आहे. केबलच नसली तर विंडोज डोमेन कंट्रोलर शोधायच्या फंदात पडत नाही. आधीच्या लॉगिनची माहिती मशीनवर साठवलेली असते (मुळात शेवटच्या 10 लॉगिनची), तिच्यावर आत सोडतं. केबल असली की शोध सुरू होतो आणि तिथेच कुठेतरी अडकतो. शोध फसला तरी शेवटी साठवलेल्या माहितीवरच लॉगिन होतं. म्हणून कुणाचंच लॉगिन 'होत नाही' असं नव्हतं, उशिरा होत होतं. पूर्ण बंद पडलं असतं तर पहिल्या आठवड्यात सापडलं असतं.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) चाळला. सिस्टम लॉगमध्ये नेटलॉगॉनची 5719 क्रमांकाची नोंद (डोमेन कंट्रोलर सापडला नाही), ग्रुप पॉलिसीची, म्हणजे सर्व्हरवरून पीसींना लागणाऱ्या नियमांची, 1129 (नेटवर्कअभावी पॉलिसी लागू झाली नाही), मधूनमधून डीएनएस क्लायंटची 1014 (नावाला उत्तर वेळेत आलं नाही). ग्रुप पॉलिसीच्या ऑपरेशनल लॉगमध्ये 8001 क्रमांकाची नोंद असते, तिच्यात युजरची पॉलिसी लागायला किती सेकंद लागले ते चक्क लिहिलेलं असतं. 'फार हळू आहे हो' यापेक्षा हा आकडा बरा. आजचा: 143.

घड्याळं तपासली. कर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत) 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, इथे फरक काही सेकंदांचा. तो मुद्दा बाद.

मग आयपी-कॉन्फिग (पीसीचे नेटवर्कचे पत्ते दाखवणारी कमांड), सगळ्या तपशिलांसह. डीएनएस सर्व्हर: 192.168.10.5 (ऑफिसचा सर्व्हर, पुढे नुसता 10.5) आणि त्याखाली 8.8.8.8 (गूगलचा सार्वजनिक डीएनएस).

सोमवार, 8 जुलै

स्विचवर पोर्ट मिररिंग लावलं (पीसीच्या रहदारीची प्रत लॅपटॉपकडे), लॅपटॉपवर वायरशार्क (ती रहदारी वाचणारं सॉफ्टवेअर). पीसीवरच कॅप्चर केलं तर लॉगिनच्या आधीचं निसटतं, म्हणून बाहेरून पाहिलेलं बरं.

पीसी चालू होताना पहिली चौकशी करतो ती डीएनएसमधल्या सर्व्हिस रेकॉर्डची: या डोमेनचा कंट्रोलर कोण? (नाव लांबलचक असतं, _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस आणि पुढे डोमेनचं नाव.) विंडोज एनटीच्या काळात ही शोधाशोध नेटबायॉस आणि विन्स या नाव शोधायच्या जुन्या पद्धतींवर चालायची. विंडोज 2000 बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनची खाती सांभाळणारी यंत्रणा) आली आणि सगळा भार डीएनएसवर गेला. तेव्हापासून डीएनएस चुकलं की लॉगिन, पॉलिसी, ड्राइव्ह, प्रिंटर सगळं लंगडतं, पण वेबसाइट झकास उघडत राहतात. त्यामुळे डीएनएसवर कुणाचा संशयच जात नाही.

आजच्या कॅप्चरमध्ये दिसलं ते असं. पीसीने 10.5 ला विचारलं. 10.5 त्या वेळी कामात होता, सेकंदाच्या आत उत्तर आलं नाही. पीसी लगेच 8.8.8.8 कडे वळला. तिथून काही मिलिसेकंदांत उत्तर: असं नाव अस्तित्वात नाही. उत्तराचा कोड 3.

खरी मेख इथे आहे. लोक समजतात की यादीतला दुसरा डीएनएस म्हणजे पहिल्याला माहीत नसेल तर विचारायची जागा. तसं नाही. पहिला गप्प बसला तरच दुसऱ्याला विचारतात, आणि 'नाही' हेही पूर्ण उत्तरच असतं. ते आलं की विंडोज पुन्हा पहिल्याकडे जात नाही. उलट पटकन बोलणाऱ्याला काही काळ यादीत पुढे ठेवतो. कंपनीचं डोमेन .लोकलवर संपतं, बाहेरच्या जगात त्याला पत्ताच नाही. गल्लीतल्या काकूंचं घर दिल्लीच्या पोस्टात विचारावं, 'असं कुणी राहत नाही' असं ऐकावं आणि तेच खरं मानून परत फिरावं, असा प्रकार साठ पीसी रोज करतायत.

कॅप्चरमध्ये आणखी एक पाहुणा: 192.168.1.2. 10.5 ने नीट उत्तर दिलं तेव्हाही डोमेनच्या नावापुढे दोन पत्ते आले, 192.168.10.5 आणि हा. पीसीने पॉलिसीच्या फाइलींसाठी 1.2 चं 445 पोर्ट (फाइलींचं दार) ठोठावलं, पुन्हा ठोठावलं, आणि सुमारे 21 सेकंदांनी नाद सोडला. त्यानंतर 10.5 कडे गेला. 192.168.1 ही रेंज आता ऑफिसात नाहीच. डेटाचं पाकीट फायरवॉलपर्यंत जातं आणि तिथे निमूट टाकून दिलं जातं. 'नाही' असं सांगायलाही कुणी नाही, म्हणून पूर्ण वाट पाहणं आलं.

मंगळवार, 9 जुलै

चौकशी. 1.2 हा जुना डोमेन कंट्रोलर. मदरबोर्ड गेला, भंगारात गेला. डोमेनमधून त्याला रीतसर काढलं नाही. मशीनच मेलं म्हटल्यावर काढणार कोण. रेकॉर्ड जिथल्या तिथे.

8.8.8.8 ची कहाणीही कळली. कधीतरी सर्व्हर बंद पडला, इंटरनेट गेलं, डिस्पॅचला ई-वे बिल निघेना, गाड्या गेटवर उभ्या. तेव्हाच्या इंजिनिअरने 'सेफ्टीसाठी' डीएचसीपीच्या 006 ऑप्शनमध्ये (पीसींना वाटायची डीएनएसची यादी) 8.8.8.8 घातला. त्या दिवसापुरता प्रश्न सुटला. त्या माणसाला दोष देत नाही. गेटवर गाडी उभी असताना कुणीही तेच केलं असतं. गूगलने डिसेंबर 2009 मध्ये ही सेवा सुरू केल्यापासून तो आकडा प्रत्येक इंजिनिअरच्या जिभेवर आहे. नेट चालत नाही म्हटलं की हात आपोआप चार आठ टाइप करतो.

सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डवरही 127.0.0.1 (म्हणजे तो स्वतः) आणि 8.8.8.8. म्हणजे डोमेन कंट्रोलरसुद्धा मधूनमधून स्वतःचा पत्ता बाहेर विचारतो.

सिस्टम स्टेटचा (सर्व्हरच्या सेटिंग आणि डोमेनच्या खात्यांचा) बॅकअप नाही. डिस्क मागवली, शुक्रवारी येईल. तोवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला हात लावायचा नाही. डीएचसीपी आणि फॉरवर्डरचं (बाहेरची नावं कुणाला विचारायची ती यादी) काम मात्र करता येईल.

डीएचसीपी लीज (वाटलेले पत्ते चालायची मुदत) 8 दिवसांची होती, ती आजच काही तासांवर आणली. नाहीतर बदल केल्यावर निम्मी मशीनं जुन्याच यादीवर फिरत राहतात आणि 'काही फरक नाही' असे फोन येतात.

गुरुवार, 11 जुलै

कारखान्याला सुट्टी, पण अकाउंट्स हजर: जीएसटीआर-1 या जीएसटी रिटर्नची आज शेवटची तारीख. जनरेटरवर काम चालू. संध्याकाळी मॅडमनी रिटर्न भरल्याचं सांगितल्यावरच सर्व्हरला हात लावला.

केलेले बदल: डीएचसीपीच्या 006 मध्ये फक्त 192.168.10.5. सर्व्हरच्या कार्डवरचा 8.8.8.8 काढला. बाहेरची नावं सर्व्हरनेच बाहेर विचारावीत म्हणून डीएनएसच्या फॉरवर्डर टॅबमध्ये दोन सार्वजनिक डीएनएस. तोच 8.8.8.8 तिथे शोभतो. सर्व्हर आधी स्वतःकडचं पाहतो आणि आपल्याकडे नसलेलंच बाहेर विचारतो.

मालकांना लेखी कळवलं: उद्या सकाळी सर्व्हर नीट उभा राहीपर्यंत इंटरनेटही चालणार नाही, घाबरू नका. सर्व्हर सातला चालू करायचा, पीसी साडेआठनंतर.

शुक्रवार, 12 जुलै

वीजच सव्वाआठला आली. सर्व्हर आणि सगळे पीसी एकदमच उठले. लॉगिन रखडले, इंटरनेट बंद, फोन सुरू. मालक: "तो आठ-आठवाला नंबर परत टाका ना." टाकला नाही. एकदा टाकला असता तर तो पुन्हा कधी निघाला नसता.

वीसेक मिनिटांनी सगळं आपोआप सुरू झालं, आणि या वीस मिनिटांतच उरलेलं कोडं सुटलं. डीएनएस सर्व्हरच्या लॉगमध्ये 4013: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं पहिलं सिंक्रोनायझेशन पूर्ण होण्याची वाट पाहत आहे. सर्व्हर उठल्यावर आपल्या जोडीदाराकडून ताजी माहिती घ्यायला बघतो. जोडीदार कोण? भंगारातला. तो उत्तर देईपर्यंत डीएनएस आपले झोन (नावांच्या याद्या) उघडत नाही, शेवटी मुदत संपली की एकटाच पुढे जातो. दर शुक्रवारी सकाळी हेच होत होतं. या वेळात पीसी 8.8.8.8 कडे जायचे, तिथून 'नाही' घेऊन यायचे आणि त्या 'नाही'वर अर्धा दिवस काढायचे. आता 8.8.8.8 नाही, म्हणून दुखणं उघड्यावर आलं.

मालकांना हे समजावताना गुरुवारची सुट्टी, भंगारवाला आणि लॉगिन यांचा संबंध जोडावा लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सर्व्हर बदलायला नको?" नको.

दुपारी डिस्क आली. रात्री बॅकअप.

शनिवार, 13 जुलै

ऑफिस सुटल्यावर साफसफाई. आधी पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) कुणाकडे आहेत ते पाहिलं. चार 10.5 कडे. आरआयडी मास्टर (नव्या खात्यांसाठी आयडी वाटणारा) मात्र अजून मृत सर्व्हरच्या नावावर! कुणाला कळलं नाही, कारण प्रत्येक डोमेन कंट्रोलरला 500 आयडींचा गठ्ठा आधीच मिळालेला असतो, आणि इथे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नवी खाती उघडतात. गठ्ठा संपला असता त्या दिवशी नवीन युजर तयार होईना झाला असता, आणि त्याचं मूळ शोधायला आणखी कुणीतरी आलं असतं. भूमिका जबरदस्तीने 10.5 कडे घेतली. यानंतर जुनी डिस्क कुठे सापडलीच तर चुकूनही चालू करायची नाही. तसं कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवलं.

मग युजर्स अँड कॉम्प्युटर्स या टूलमधून जुन्या कंट्रोलरचं खातं पुसलं. विंडोज सर्व्हर 2008 पासून एवढं केलं की मेटाडेटाही (डोमेनमधल्या त्याच्या नोंदीही) साफ होतो, पूर्वीसारखं एनटीडीएस-युटिल कमांडमध्ये पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. साइट्स अँड सर्व्हिसेसमधलं त्याचं रिकामं नाव काढलं. डीएनएसमधले अवशेष हाताने: डोमेनच्या नावावरचा 1.2 चा पत्ता, नेम सर्व्हरच्या यादीतलं नाव, _एमएसडीसीएसमधलं लांबलचक जीयूआयडीचं टोपणनाव, सर्व्हिस रेकॉर्ड. सर्व्हिस रेकॉर्ड बऱ्याच फोल्डरांत विखुरलेले असतात. एकही राहिला तरी कुणाचं तरी लॉगिन कधीतरी रखडणार, म्हणून प्रत्येक फोल्डर उघडून पाहिला.

सर्व्हर पुन्हा चालू केला. 4013 आली, पण मिनिटभरातच झोन उघडले.

सोमवार, 15 जुलै

सकाळी अकाउंट्सच्या पीसीवर 8001 चा आकडा: 11. मॅडम केबल न काढता लॉगिन करतायत. एक-दोनदा सवयीने हात केबलकडे गेला म्हणाल्या.

पण स्टोअरचे दोन पीसी, डिस्पॅचचा एक आणि क्वालिटीचा एक अजूनही हळू. अंदाज होताच: कुणीतरी हाताने पत्ते भरलेत. प्रत्येक मशीनवर जाऊन पाहत बसण्यापेक्षा फायरवॉलवर नियम लावला: 10.5 सोडून आतून बाहेर 53 पोर्टवर (डीएनएसचं दार) जाणारं सगळं नोंदवायचं. अडवायचं नाही, फक्त नोंद. तासाभरात यादी तयार. हळू पीसी तर होतेच, शिवाय हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, रिसेप्शनमधला टीव्ही आणि मालकांचा लॅपटॉप. लॅपटॉपवर घरच्या वायफायसाठी त्यांच्या मुलाने 'फास्ट इंटरनेट' म्हणून आकडा टाकून दिला होता.

पीसी आणि लॅपटॉप 'आपोआप मिळवा'वर आणले. स्टोअरच्या काकांच्या मशीनवर एक जास्तीची भानगड: एस ड्राइव्ह जुन्या सर्व्हरच्या नावाने जोडलेला. नाव आता कुठेच सापडत नाही, तर विंडोज आधी डीएनएस, मग एलएलएमएनआर, मग नेटबायॉस अशी दारोदार हाक देत बसतो. ड्राइव्ह नव्या नावाने जोडून दिला.

मंगळवार, 16 जुलै

चाकण. इथे डीएचसीपी इंटरनेट कंपनीच्या राउटरवर आहे. त्यात डीएनएस म्हणून भोसरीचा 10.5 घालून झाला होता. तरी लॉगिन तसंच रखडतंय, आणि एनएस-लुकअप (डीएनएसला नाव विचारायची कमांड) केलं तर उत्तर देणारा सर्व्हर भलताच: एफई80 ने सुरू होणारा आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचा) पत्ता.

राउटरवर आयपीव्ही6 चालू आहे आणि तो आपल्या जाहिरातीतून सगळ्यांना सांगतोय की डीएनएस मीच. विंडोज 10 च्या 1703 आवृत्तीपासून हे आमंत्रण विंडोज स्वीकारतं आणि आयपीव्ही6 चे सर्व्हर यादीत वर बसतात. खाली 10.5 लिहिलेला असूनही प्रश्न आधी राउटरला, तिथून इंटरनेट कंपनीला, तिथून 'नाही'. चार आठांचा कुठेही मागमूस नाही, दुखणं मात्र तेच. जुन्या आयपीव्ही4 च्या खिडकीत कितीही वेळ बघत बसलं तरी हे दिसलं नसतं.

इथल्या माणसाने सुचवलं की सगळ्या पीसींवरून आयपीव्ही6 ची टिक काढून टाकू. ते टाळलं. मायक्रोसॉफ्टही तसं करू नका म्हणतं, आणि पीसी बदलला की ती टिक परत येते. राउटरवरच आयपीव्ही6 ची डीएनएस जाहिरात बंद केली. त्यासाठी अ‍ॅडमिन पासवर्ड मिळवायला इंटरनेट कंपनीशी दोन तास फोन. प्रत्यक्ष काम दोन मिनिटांचं.

उद्या आषाढी आणि मोहरमची सुट्टी.

शुक्रवार, 19 जुलै

गुरुवारनंतरची पहिली खरी परीक्षा म्हणून साडेआठलाच भोसरीत येऊन बसलो. सर्व्हर वेळेत उठला, लॉगिन सुरळीत. दहाच्या सुमारास अचानक सगळ्यांचे फोन: "निळा स्क्रीन आला का? आपलं डीएनएस गेलं का?" टीव्हीवर विमानतळांची दृश्यं. क्राउडस्ट्राइकचं सदोष अपडेट, जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीनं निळी पडली, विमान कंपन्या हाताने बोर्डिंग पास लिहितायत. इथे ते सॉफ्टवेअरच नाही, त्यामुळे एकही मशीन गेलं नाही. मालकांचा तरीही आग्रह की मी संध्याकाळपर्यंत थांबावं. थांबलो. त्या वेळात डीएनएसचं स्कॅव्हेंजिंग चालू केलं, 7 अधिक 7 दिवस हेच मूळचे आकडे ठेवले. गेलेल्या पीसींची नावं आता आपोआप झडतील. सर्व्हरची स्थिर रेकॉर्ड त्यातून वगळली आहेत का ते आधी पाहून घेतलं.

सोमवार, 22 जुलै

आयटीच्या मुलाने आज भीत भीत विचारलं: ईआरपीच्या (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) लिनक्स सर्व्हरला एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की पासवर्ड विचारायलाच दहा सेकंद लागतात, हे पण तेच का? तेच. सर्व्हरवर सेंटओएस 7 ही लिनक्सची आवृत्ती (तिची मुदत 30 जूनला संपली, तो वेगळा विषय, मालकांना लेखी कळवला). रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये (डीएनएसचे पत्ते लिहायची फाइल) पहिला नेम सर्व्हर 192.168.1.2! भंगारातला सर्व्हर इथेही जिवंत. लिनक्स मुळात प्रत्येक सर्व्हरची 5 सेकंद वाट पाहतं. एसएसएचच्या सेटिंगमध्ये यूज-डीएनएस चालू, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाच्या पत्त्यावरून उलट नाव शोधायचं. त्यासाठी लागणारा रिव्हर्स झोन 10.5 वर कधी केलेलाच नव्हता.

10.5 लिहिला, रिव्हर्स झोन केला, यूज-डीएनएस बंद केलं. पासवर्ड आता एंटर दाबल्या दाबल्या.

मुलाला एक गोष्ट शिकवून ठेवली: कुठल्याही मशीनवर आधी 'उत्तर कोणी दिलं' ते बघायचं, मग 'काय दिलं'. एनएस-लुकअपच्या पहिल्या दोन ओळी सगळे सोडून देतात, आणि नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

गुरुवार, 25 जुलै

आज चाकणला दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करायचा होता. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी. शाळांना सुट्टी. घराबाहेर पडलो नाही. भोसरीत वीज नाही, यूपीएस कधीच संपलाय. काम पुढच्या गुरुवारी.

शुक्रवार, 26 जुलै

याहून कठीण परीक्षा मुद्दाम घडवता आली नसती: रात्रभर अंधार, सकाळी वीज येते-जाते, सर्व्हर आणि पीसी सगळे एकाच वेळी उठलेले. आयटीच्या मुलाने 8001 चे आकडे पाठवले. अकाउंट्स 14, स्टोअर 12, डिस्पॅच 17. 5719 एकही नाही. सर्व्हर उठेपर्यंत तीन-चार मिनिटं इंटरनेट नव्हतं, ती तक्रार आली. ती दुसऱ्या कंट्रोलरनेच मिटेल.

गुरुवार, 1 ऑगस्ट

चाकणला दुसरा डोमेन कंट्रोलर उभा राहिला. मशीन जुनंच, त्यांच्या डिझाइन विभागातून निघालेलं, फक्त डिस्क नवी. साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये दोन साइट केल्या आणि दोन्ही सबनेट (पत्त्यांच्या रेंज) आपापल्या साइटला जोडले. हे विसरलं तर चाकणचा पीसी व्हीपीएन ओलांडून भोसरीला लॉगिन करत बसतो. नंतर चाकणच्या पीसीवर एनएल-टेस्ट कमांडने विचारून खात्री केली: कंट्रोलर चाकणचाच सांगतोय.

डीएनएसची मांडणी: दोन्ही सर्व्हरच्या कार्डवर आधी समोरचा, मग 127.0.0.1. भोसरीच्या पीसींना 10.5 आणि त्याखाली चाकण, चाकणला त्याच्या उलट. एफएसएमओ भूमिका पाचही भोसरीतच. डीसी-डायग (कंट्रोलरची तपासणी) दोन्हीकडे स्वच्छ.

त्यानंतर फायरवॉलचा नियम 'नोंदव'वरून 'अडव'वर नेला. हजेरीचं मशीन आणि टीव्ही आता 10.5 लाच विचारतात. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर अजून 8.8.8.8 वर अडून आहे आणि त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे आहे. तो फोन उचलत नाही. तोपर्यंत मालकांना मोबाइलवर कॅमेरे दिसणार नाहीत, हे आजच्या बिलासोबत कळवलं. लगेच फोन आला, बिलाबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल. रेकॉर्डरपुरती सोमवारपर्यंत सूट ठेवली आहे.